ऐकलं की लागतं

माणूस निवृत्त झाला की त्याच्याकडे किस्से साचू लागतात. नोकरीत असतानाही घडत असणारच, पण तेव्हा कोणी काही सांगायला लागलं की मी घड्याळ बघायचो. आता मी सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात! तरीही एका लग्नाचे किस्से मी सहसा सांगत नाही. ऐकणारे आधी हसतात, मग गप्प होतात, आणि घरी आल्यावर मला वाटत राहतं की आपण काहीतरी वाढवून सांगितलं. वाढवलं नाही, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण आज विषय तुम्हीच काढलात.

लग्न आमच्या शेजाऱ्यांकडचं. विलासराव चिंचवडला माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. मूळ गाव चाकणच्या पलीकडे. शेती कंपन्यांत गेली, आता गोडाऊनं आणि ट्रक. त्यांची मुलगी सायली हिंजवडीला नोकरीला. तिथेच तिने निखिलला पसंत केलं. निखिलचे वडील मधुकरराव पिंपरीतल्या एका कारखान्यात फोरमन होते. कुटुंब बौद्ध. झालं, विलासरावांची भावकी उखडली! चुलतभाऊ बाळासाहेब तर म्हणाले, "आमी मांडवात पाय ठेवणार न्हाई."

तेव्हा तात्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. तात्या म्हणजे विलासरावांचे चुलते, भावकीत सर्वांत थोरले, नव्वदीला टेकलेले, अंथरुणाला खिळलेले. त्यांनी एकच वाक्य टाकलं. "मी जिता हाय तवर पोरीच्या आडवं कुणी येणार न्हाई."

बाळासाहेब खाली मान घालून म्हणाले, "तुमी हाय तवर आमी गप."

त्या वाक्याचा अर्थ खोलीतल्या प्रत्येकाला कळला. तात्या गेले तर सुतक. शिवाय थोरलं माणूस गेलं की त्यांच्यात वर्षभर मंगलकार्य नाही. आणि वर्षभर पुढे गेलेलं हे लग्न भावकीने पुन्हा उभं राहू दिलं नसतं. मी सायलीला म्हणालो, "रजिस्टर करून टाका की!" ती म्हणाली, "काका, सही कधीही होईल. मला माझ्या माणसांच्या हातच्या अक्षता हव्यात. नाहीतर मी त्या गावची राहणार नाही."

म्हणजे सगळं तात्यांच्या श्वासावर होतं.

* * *

गावात मला 'डॉक्टर' म्हणतात. मी धातुशास्त्रातला डॉक्टर. पण हे कितीही वेळा सांगितलं तरी कोणी ऐकत नाही. तात्यांकडे गेलो की कोणीतरी त्यांचा हात माझ्या हातात देतंच.

एकदा विलासरावांनी मला अंगणात गाठलं. "डॉक्टर, खरं सांगा. तात्या किती दिवस काढतील?"

"अहो, मी पोलादाचा डॉक्टर आहे!"

"मग तात्याचं तुमालाच कळंल!"

मी हसलो. पण खरी गोष्ट अशी की हात हातात असताना मी नाडी शोधली होती आणि मला ती सापडली नव्हती. मला नाडी बघता येत नाही हेच त्याचं कारण असणार. तात्या तर माझ्याकडे बघून मिश्कील हसत होते!

* * *

पत्रिका आली आणि नवा गोंधळ झाला. सायली-निखिलने ठरवलं होतं की लग्नात दोघांची मुळं दिसली पाहिजेत. आधी बुद्धवंदना, मग मंगलाष्टका, जेवणात मासवडी, आणि पोशाख ब्लॅक टाय! काळा कोट, काळा बो.

बाळासाहेब पत्रिका घेऊन थेट विलासरावांच्या दारात. "लगीन हाय का दहावा? काळं घालून अक्षता टाकायच्या?"

मलाही ते थाटाचं खूळच वाटलं होतं. मी मधुकररावांना विचारलं, "यात मुळं कुठे आली हो?"

ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, माझ्या आजोबांना गावच्या रस्त्यावर पायताण घालू देत नव्हते. वडील कंपनीत लागले आणि पहिल्या दिवाळीला त्यांनी काळा सूट शिवला. कुठं जायचं होतं म्हणून नाही. घालता येतो म्हणून! आमची मुळं त्या सुटात आहेत."

एवढा शिकलेला मी, आणि मला हे सुचलं नव्हतं. विलासरावांनी ते तात्यांना सांगितलं.  तात्या म्हणाले, "मला बी एक शिवा."

* * *

चिंचवडचा टेलर माप घ्यायला तात्यांच्या घरी गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. त्याने टेप काढला, पलंगाजवळ गेला आणि तिथेच थबकला.

"साहेब, मी आडव्या माणसाचं माप घेत नाही."

"का हो?"

"वडिलांनी एकदा घेतलं होतं," तो म्हणाला. "कपडे तयार झाले. पण ट्रायल घ्यायला कोणी राहिलं नाही."

 तात्यांची देखभाल करणाऱ्या सुनीताबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. आणि तात्या म्हणाले, "मग उचला की मला!"

चार महिन्यांत पाठ न उचललेला माणूस दोघांच्या आधाराने उभा राहिला. टेलरने झपाझप माप घेतलं. खांदा, छाती, बाही. शेवटी उंची घेतली आणि टेपकडे बघतच राहिला. वहीत लिहिलेला आकडा त्याने खोडला, पुन्हा मोजलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही सर. म्हातारी माणसं आखडतात. यांची उंची माझ्याहून जास्त भरली."

टेलर चांगला सहा फूट होता. तात्या मला नेहमी लहानखुरे वाटायचे. पण मी त्यांना कायम पडलेलंच पाहिलं होतं, हेही खरं.

* * *

लग्नाच्या लॉनच्या दाराशी 'मुळांची भिंत' करायची होती. दोन्ही घराण्यांच्या वाडवडिलांचे फोटो, खाली दोन-दोन ओळी. ओळी लिहायचं काम माझ्याकडे. फोटो बारा. त्यातले अकरा जण गेलेले, बारावे तात्या. गेलेल्यांना चंदनाचे हार, तात्यांना अर्थातच नाही. डेकोरेटरला मी बजावलं, "अकराच आणायचे."

"अकराच आणलेत सर."

लग्नाच्या सकाळी जाऊन बघतो तर तात्यांच्या फोटोला हार!

मी डेकोरेटरवर ओरडलो. जन्मात कधी कोणावर ओरडलो नसेन. तो बिचारा हार काढून म्हणाला, "सॉरी सर, पोरांनी चुकून एकाचा त्यांना घातला असेल. ज्याचा काढला त्याला परत घालतो."

आम्ही दोघांनी भिंत पाहिली. बाकीच्या अकराही फोटोंना हार होते.

बारावा हार त्याच्या हातात लोंबत होता. "सर," तो हळूच म्हणाला, "हा माझ्या मालातला नाही. माझे पॉलिश केलेले असतात."

मी पुन्हा मोजले. दोनदा. तिसऱ्यांदा मोजायचं धाडस झालं नाही.

* * *

ते लॉनही पूर्वी याच भावकीचं शेत होतं. साउंडवाला दुपारी मशीन लावत होता. एकाएकी हेडफोन काढून तो माझ्याकडे आला. "सर, स्टेजच्या डाव्या बाजूला खाली काय आहे? तिथून काहीतरी घुमतंय."

मी बाळासाहेबांना विचारलं. ते पत्रिकेतल्या पोशाखाचा निषेध म्हणून पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी घालून आले होते, पण सायलीचा मान राखायला गळ्यात काळा टायही होता! गावचे पन्नासेक लोक तसेच.

"तिथं तात्याची इहीर व्हती. बुजवली," ते म्हणाले.

मी साउंडवाल्याला समजावलं. पोकळ जागा असते, आवाज घुमतो, त्याला रेझोनन्स म्हणतात. माझ्या विषयातलं होतं म्हणून जरा लांबलंच.

तो सगळं ऐकून म्हणाला, "ते बरोबर आहे सर. पण मी अजून स्पीकर चालूच केलेला नाही."

* * *

आता फोनचं सांगतो.

लग्नाच्या दिवशी तात्यांना हलवणं शक्य नव्हतं. ते घरी, सुनीताबाई त्यांच्याजवळ. बाकी सगळी भावकी दुपारपासून लॉनवर. विलासरावांनी मला बाजूला घेतलं आणि आपला मोबाईल माझ्या हातात ठेवला.

"डॉक्टर, सुतक ऐकलं की लागतं, अंगावरच्या कापडानिशी आंघूळ करावी लागती. न्हाई ऐकलं तर न्हाई. सुनीताबाईंना सांगितलंय, काय झालं तर फकस्त या नंबरवर फोन करायचा. तो तुमी घ्यायचा. अक्षता पडंस्तोवर मला सांगायचं न्हाई."

"अहो, पण मीच का?"

"तुमी आमच्या भावकीतले न्हाई. तुमाला लागत न्हाई."

मधुकरराव जवळच होते. म्हणाले, "आम्ही सुतक पाळत नाही. माझ्याकडे द्या की."

"तुमी साडेसहापासनं आमचे सोयरे!" विलासराव म्हणाले, आणि तिघेही हसलो.

मी हसलो खरा, पण फोन कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्यापासून माझा हात छातीवरून खाली येईना. एक पोक्त बाई विचारून गेल्या, "डॉक्टर, छातीत दुखतंय का?"

* * *

चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला. सुनीताबाई.

"गेले," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून मूर्खासारखं निघालं, "नक्की ना?"

"डॉक्टर येऊन बघून गेले. खरे डॉक्टर."

मी त्यांना म्हणालो, दार लावून घ्या, कोणालाही कळवू नका.  गोरज मुहूर्त साडेसहाचा. जवळजवळ अडीच तास! समोर शेकडो माणसं काळ्या कपड्यांत हसत होती आणि त्या काळ्याचं कारण फक्त मला माहीत आहे असं मला वाटू लागलं. आपण करतोय ते पुण्य की पाप, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल! आयुष्यभर लोखंडातल्या भेगा शोधल्या, लपवली एकही नव्हती.

पाच वाजता बाळासाहेब माझ्याकडेच आले. "इलासचा फोन तुमच्याकडं हाय म्हणं. तात्याची काय खबर?"

मी म्हणालो, "शांत आहेत."

खोटं बोललो नाही. पण बाळासाहेब माझ्या डोळ्यांत बघत राहिले. मग म्हणाले, "पोटात काय ठेवलंय का डॉक्टर?"

"मासवडी," मी म्हणालो.

ते हसले आणि गेले. मी मंडपाच्या मागे जाऊन बो टाय सैल केला. 

* * *

साडेसहाला वंदना झाली होती, अंतरपाट धरला होता, मंगलाष्टका सुरू होत्या. शेवटच्या 'सावधान'ला मी वर-वधूकडे पाहिलंच नाही, बाळासाहेबांकडे पाहत होतो. त्यांची मूठ बंद होती. क्षणभर तशीच राहिली. मग त्यांनी दोन्ही हातांनी अक्षता उधळल्या. सायलीने ते पाहिलं आणि रडू लागली. वाजंत्री, फटाके, टाळ्या!

मी गर्दीतून वाट काढत विलासरावांकडे निघालो. कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव होतं, 'तात्या'.

त्यांच्या फोनवरून सुनीताबाईंनीच लावला असणार. मी कानाला लावला. "हां, बोला बाई."

"अक्षता पडल्या का?"

आवाज म्हाताऱ्या पुरुषाचा होता. पण त्यात धाप नव्हती.

मी म्हणालो, "पडल्या." दुसरं काय म्हणणार?

"बाळासायबानं टाकल्या?"

"टाकल्या. दोन्ही हातांनी."

पलीकडे कोणीतरी लांब श्वास सोडला. "मग द्या इलासकडं."

विलासराव एव्हाना माझ्यासमोर येऊन उभे होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्क्रीनवरचं नाव पाहिलं, चेहरा फुलला, आणि एक कान बोटाने बंद करून ते ऐकू लागले.

"व्हय," ते म्हणाले. मग, "व्हय तात्या." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. त्यांची मान हळूहळू खाली गेली. शेवटी म्हणाले, "बरं. या मग." आणि फोन माझ्या हातात परत दिला.

माझ्याकडे न बघता ते सरळ लॉनच्या कडेला चालत गेले आणि झाडांना पाणी घालायच्या नळाखाली, काळ्या कोटासकट, बो टायसकट, चकचकीत बुटांसकट मांडी घालून बसले.

मधुकरराव त्यांच्या मागोमाग गेले होते.  वाकले, आणि नळ सोडला.