पालथ्या वाट्या

मी अकरम बावर्ची, अहमदपूरचा. लग्नाचा बगारा भात अन् दाळ-मटणाचा दालचा म्हटलं की लोक मलाच बोलावतात. खरं तर सांगायचंय धाकट्या भावाचं, रिजवानचं. पण माझी जीभ आधी स्वतःकडंच वळती, काय करणार!

रिजवानला स्किझोफ्रेनिया हाय. कानातले आवाज गोळ्यांनी थांबले. मला वाटलं, सुटलो. कशाचं काय! लोह्याला एका लग्नात पठ्ठ्यानं दालच्यात तीनदा मीठ टाकलं. मी चार लोकांत लई ओरडलो. तवापासून तो नुसते कांदे चिरून राहिला. लातूरचे डॉक्टर म्हणले, "आठवण, लक्ष, कामाचा क्रम, हेबी त्याच आजारात अडखळतं. आळस न्हाई हा." मला शरम वाटली, पण शिजवायची मोठी देग काय त्याच्या हाती दिली न्हाई.

मग माझ्या लेकीचं, सदफचं लग्न ठरलं. पोरगी अडूनच बसली, "दालचा चाचाच करतील." रिजवान म्हणला, "ह्या बारीला बिघडला, तर पुन्हा चुलीपाशी उभा राहणार न्हाई."

त्याची बायको बुशरा मोठी हुशार. तिनं देगीजवळ ओळीनं वाट्या मांडल्या: हळद, मिरची, मीठ, चिंच. जिन्नस टाकला की वाटी पालथी.

"भातुकली मांडली का?" मी हसलो.

आमच्यात पंगत बसेपर्यंत देग चाखायची न्हाई, हा अब्बांचा दंडक. त्यामुळं माझा जीव वरखाली. भाताच्या देगीपासून सारखा त्याच्याकडंच बघून राहिलो. शेवटी राहवेना, मूठभर मीठ घेऊन गेलोच. रिजवाननं मनगट धरलं.

"भाईजान, वाटी पालथी हाय."

मी मीठ घेऊन परतलो.

पंगत बसली. दालचा असा जमला की पाहुणे वाटी पुढं करूनच बसले. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात बुशरा आली, ओढणीत हसू दाबत. "भाईजान, भात अळणी हाय."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! त्याच्या मिठावर नजर ठेवता ठेवता माझंच राहून गेलं. लोकांनी भातावर दुप्पट दालचा ओतून वेळ निभावली. रिजवान खदखदून हसला. ते हसू मी किती वर्षांनी ऐकलं.

पुढचं लग्न निलंग्याचं. दालच्याची देग रिजवानचीच. मी माझ्या चुलीपाशी आलो, तर समोर वाट्या मांडलेल्या.

"हे कुणी केलं रे?" मी खेकसलो.

"मी," रिजवान म्हणला.

मी देगीत मीठ टाकलं, अन् त्याच्याकडं न बघता वाटी पालथी घातली.