काज आणि कजा

सगळी गल्ली तिला काजवाली मावशी म्हणते. खाली दुकान, वर घर. नवरा होता तोवर तो कपडे शिवायचा आणि ही काजं करायची. आता मुलगा शिवतो, काजं अजून हिचीच. टाका इतका नेटका, की काज आतून बघताय की बाहेरून हे कळू नये. नवरा मोठा थट्टेखोर. “आमच्या बाईसाहेबांचं दिवसभर काज आणि संध्याकाळी कजा,” असं येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

कजा म्हणजे वेळेवर न झालेली, मागाहून भरून काढायची नमाज. हिच्या कजा काही संपत नसत. इशाची, म्हणजे दिवसाची शेवटची नमाज झाली की तो जिन्याच्या वरच्या पायरीवर दोन कप चहा घेऊन बसायचा. ही पुन्हा मुसल्ल्यावर, नमाजाच्या चटईवर उभी. वाट बघबघून तो हिचाही चहा पिऊन टाकायचा आणि आडवा व्हायचा. एकदा त्यानं विचारलं, “लहानपणी एवढ्या नमाजा बुडवल्यास तरी कशा?” ती लाजून चूर झाली आणि तिनं विषय बदलला.

लहानपणी तिनं एकही बुडवली नव्हती. या कजा होत्या दर महिन्याच्या त्या दिवसांच्या. ती रांगत असतानाच आई गेली, घरात सगळे पुरुष. त्या दिवसांत नमाज नाही आणि रोजाही नाही, रोजे मागून भरायचे, एवढंच शेजारणीनं घाईघाईत सांगितलेलं. चुकलेली नमाज मानेवर राहते, हे वडिलांनी शिकवलेलं. पोरीनं दोन्ही जोडलं, रोजे भरायचे तर नमाजही भरायची. वडिलांना असलं काही विचारायची सोय नव्हती, आणि पुढे नवऱ्यासमोरही जीभ रेटली नाही.

आता गुडघे गेले, नमाज खुर्चीवर बसून. बाळंतपणांतल्या काही कजा अजून शिल्लक आहेत आणि त्या फिटायच्या आत डोळे मिटले तर काय, या एका धास्तीनं तिला पोखरलं होतं.

म्हणून सून बाळंत झाली तेव्हा तिनं अगदी मायेनं सांगितलं, “साठू देऊ नकोस गं. उठलीस की थोड्या थोड्या कजा फेडत जा. माझ्यासारखं करू नकोस.”

सून बाळाला पाजत होती. “कसल्या कजा, अम्मी?”

“या दिवसांतल्या.”

“त्या माफ असतात. फक्त रोजे भरायचे.”

आजकालच्या मुलींना सगळंच माफ, असं काजवाली मनात म्हणाली. सासूला पटलं नाही हे बघून सुनेनं आपल्याला लहानपणी कुराण शिकवणाऱ्या आपांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आपा म्हणाल्या, “माफच आहेत. कधीच फेडायच्या नव्हत्या. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

काजवालीच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधायला ती वाकलीसुद्धा नाही. सून हाका मारत होती आणि ही भिंतीकडे बघत बसलेली. कधीच फेडायच्या नव्हत्या.

त्या दिवशी इशा झाल्यावर सवयीनं पुन्हा हात वर गेले आणि कानांपाशी थांबले. तिनं ते हळूच खाली घेतले. आत जाऊन चहा टाकला आणि दोन कप घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. दुसरा कप कुणाचा, हे बसल्यावर लक्षात आलं.

सून बाळाला खांद्यावर घेऊन शेजारी टेकली. “अम्मी, आपा नंतर म्हणाल्या, वाया काही जात नाही. अल्लाहकडे सगळं जमा असतं.”

“असेल गं. त्याच्याकडची काळजी नाही मला.” तिनं दुसऱ्या कपाकडे बोट केलं. “हे इथं बसायचे. रोज. वर भेटले की पहिलं तेच विचारतील, एवढ्या बुडवल्यास तरी कशा. आता सांग, काय सांगू मी त्यांना?”

सुनेनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. चहावर साय धरत होती.