बिनचुलीचे परबकाका

सकाळी सातला दाराची बेल वाजली की मी आधीच नाक दाबायचे. दारात परबकाका. अंगात पांढरा सदरा, हातात स्टीलचा ग्लास, ग्लासात हिरवं पाणी आणि त्यावर डबक्यातल्या शेवाळासारखा फेस. दुधी, कढीपत्ता आणि खिडकीतल्या ट्रेमध्ये वाढवलेले गव्हाचे कोंब, सगळं मिक्सरमधून काढलेलं आणि न गाळता आणलेलं. ग्लास देऊन ते निघून गेले असते तर मी तो सुखाने बेसिनला अर्पण केला असता. पण रिकामा ग्लास परत नेणं हा त्यांचा नियम होता, आणि तो रिकामा होताना बघणं हा त्यांचा आनंद.

"गो, तोंड वाकडा करू नको. औषध समजान पी."

"काका, औषध एक चमचा असतं."

"तेच्यानच लोका बरी होनत नाय," असं म्हणून ते ग्लासाच्या तळाशी बोट दाखवायचे. तिथे चोथा राहिलेला असायचा. तोही प्यावा लागे. मग मी पवईच्या ऑफिसला जायला निघायचे आणि अर्ध्या वाटेत तो चोथा ढेकरेबरोबर परत भेटायला यायचा.

नाहूरच्या आमच्या सोसायटीत आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. काका मूळचे मालवणकडचे. औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर होते, तिथूनच निवृत्त झाले. पूर्वीचे परबकाका वेगळेच होते हो! रविवारी कुमुदकाकूंच्या सुरमईच्या कालवणाचा वास जिन्यात आला की आम्ही आमच्या वरणाकडे बघून उसासे टाकायचो, आणि काका बनियनवर दारात उभे राहून, पोटावरून हात फिरवत, "वाटी घेऊन ये गो," असं ओरडायचे.

मग त्यांच्या मोठ्या भावाचा पाय साखरेपायी गुडघ्याखालून कापावा लागला. पाठोपाठ काकांची साखर वाढलेली निघाली, आणि काकूंचीही काठावर. काका घाबरले. कुणीतरी कर्जतच्या बाजूला कसलंसं शिबिर असल्याचं सांगितलं. तिथे आठवडाभर राहून आले ते शिजवलेलं सगळं सोडूनच. आल्या आल्या गॅसची शेगडी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली आणि गॅसचं कनेक्शन बंद केलं. मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावून नवं ब्रीदवाक्य ऐकवलं, "चुलीर चढला ता मेला!" काकू मागे उभ्या राहून रिकाम्या ओट्याकडे बघत होत्या.

तेव्हापासून त्या घरातून जे वास यायला लागले त्यांची नुसती आठवण काढली तरी मला शिसारी येते. भिजवून आंबवलेल्या शेंगदाण्यांचं 'दही'. मेथीच्या मोडांचा ओल्या फडक्यासारखा वास. चिंचेच्या पाण्यात बुडवलेली कच्ची भेंडी, ती चमच्याने उचलली की तार थेट वाटीपर्यंत लोंबायची आणि काका म्हणायचे, "ह्याच खरा तूप!" कच्च्या तोंडल्यांची चटणी, कच्च्या वांग्याचं भरीत. वांगं कच्चं! ते दातांखाली स्पंजासारखं करकरतं, हे ज्याने खाल्लंय त्यालाच माहीत.

कहर झाला तो सोसायटीच्या गणपतीत. काकांनी नैवेद्याला अळूवड्या आणल्या. न उकडलेल्या, न तळलेल्या. पान कच्चं, वर मोडाच्या डाळीचं वाटण, वर खोबरं. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा कच्च्या अळूला तोंड लावत नाही. काकूंनी बजावलं होतं, "अहो, खाजतला!" पण भरपूर चिंच लावली की खाज मरते, असा काकांचा शोध होता. आणि बाप्पासमोर ठेवलेला प्रसाद, नाही कसं म्हणणार? आरती झाली, प्रत्येकाने एकेक वडी तोंडात टाकली. थोड्याच वेळात सगळा मांडव घसा खाजवत होता. सेक्रेटरी जीभ बाहेर काढून पंख्याखाली उभे, बायका आमसुलं शोधायला घरोघरी धावल्या. सगळ्यात जास्त वड्या काकांनीच खाल्ल्या होत्या. ओठ सुजलेले, डोळ्यांतून पाणी, आणि तरी बोलतायत, "खाजता म्हंजे अळू जिता असा!" आम्ही हसायचं की त्यांना झोडायचं, हेच कळेना.

एक मात्र खोटं बोलणार नाही. काकांची साखर खरंच उतरली, पोट गेलं, जिना चढताना लागणारी धाप गेली. त्यांचा सुरीवरचा हात तर बघत राहावा असा. माझी आई आजारी होती तेव्हा रोज दुपारी पपई कापून आणायचे, एक बी नाही, एक साल नाही, फोडी मोजून मापून केल्यासारख्या. तिच्याशेजारी बसून एकेक फोड भरवायचे. तिला त्यांच्या हातचं आवडायचं. मला मात्र त्या घरातली वाटी पाहिली तरी मळमळायचं.

स्वतःपुरतं खाल्लं असतं तर कोण बोलणार होतं? काकूंना कवळी. कवळीने गाजर कसं चावायचं? म्हणून काका त्यांच्यासाठी गाजर, बीट, मुळा अगदी बारीक किसायचे, अर्धा अर्धा तास. काकू तो थंडगार कीस तोंडात घोळवत बसायच्या आणि वाळत चालल्या होत्या.

दुपारी काका बागेत लोकांना उपदेश करायला गेले की आमच्या दारावर काकूंची टकटक व्हायची. "काय शिजवलंस गो चेडवा?" ऑफिसचं काम घरून असलं की मी त्यांच्यासाठी उकड्या तांदळाची पेज टाकून ठेवायचे. काकू आधी जेवायच्याच नाहीत. वाडगा दोन्ही हातांत धरून नुसत्या शेकत बसायच्या. मग एक घोट, मग भाजलेल्या सुकटीची चिमूट. एकदा वाडगा तसाच धरून म्हणाल्या, "माणूस गेल्यार चूल इझवतत. माझ्या घरात माणूस जित्तो असताना इझवली."

एके दिवशी काका लवकर परतले. काकूंच्या बोटांना सुकटीचा वास होता. ओरडले असते, भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी ते केलं नाही. माझ्या दारात येऊन हात जोडले, म्हणाले, "तू बरा केलंस नाय," आणि घरी जाऊन उपास धरला. नुसत्या पाण्यावर. काकूंच्या पोटातला जाळ आपण आपल्या उपाशी पोटाने विझवणार म्हणे! काकू रडल्या, विनवण्या केल्या. तिसऱ्या दिवशी देवावर हात ठेवून पुन्हा शिजवलेलं न खाण्याची शपथ घेतली, तेव्हा कुठे काकांनी काकडीचा तुकडा तोंडात घातला.

मला इतकी किळस त्यांच्या कुठल्याही वाटीची आली नव्हती. मी जाऊन सरळ बोलले, "काका, हा आहार नाही. ही जबरदस्ती आहे. तुम्हाला लाज वाटायला हवी."

ते शांतपणे मोड आलेली मटकी निवडत होते. "भावाचो पाय कापलो तेव्हा थंय कोण होता? मी होतंय. हिचो पाय माका जावक देवचो नाय." माणूस खोटा नव्हता हो, म्हणूनच तर जास्त संताप यायचा. खोट्या माणसाला निदान चार शिव्या हासडता येतात.

त्यानंतर काकू आमच्याकडे जेवायला कधीच आल्या नाहीत. फोडणीचा चुर्र आवाज आला की त्यांचं दार किलकिलं व्हायचं, त्या चौकटीला धरून डोळे मिटून श्वास घ्यायच्या आणि दार लागायचं. मी मुद्दाम लसूण जास्त घालायला लागले.

गेल्या वर्षी एका सकाळी बेल वाजली नाही. सात वाजले, सव्वासात झाले. मग काकूंनीच दार ठोठावलं. काका झोपेतच गेले होते. चेहरा शांत, अंगावर तोच पांढरा सदरा.

मूलबाळ नव्हतं, पुतण्याने सगळं केलं. दुपारी माणसं स्मशानातून परतली तेव्हा रिवाजाप्रमाणे मजल्यावरून पिठलं-भात आला. मीही पातेलं घेऊन गेले. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी खाऊ घालायचं. सगळे बसले होते. काकू उठल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "माळ्यावरची शेगडी काढ. आणि तुझो भरलेलो बाटलो घेऊन ये."

मला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलतायत. काकांची वहिनी धावत आली. "काय करतंस? सुतक असा! चूल पेटवूची नसता!"

"चार वर्सां सुतकच पाळलंय मी," काकू म्हणाल्या. "माझा आज सुटला."

मी आणि पुतण्याने शेगडी काढली, गोणपाट सोडलं, माझ्या घरचा सिलिंडर आणून जोडला. काकूंनी ओल्या फडक्याने शेगडी पुसली. पुसता पुसता त्या थांबल्या. नळाला काकांनी आदल्या दिवशी बांधलेली मुगांची पुरचुंडी लटकत होती. त्यांनी गाठ सोडली. पांढरेशुभ्र, सरळ मोड फडक्यातून बाहेर आले होते.

"टाकून द्या ते," वहिनी म्हणाली. मीही तेच म्हणणार होते. त्या ओल्या फडक्याचा तो वास मला पाठ होता.

"हे मूग तेंनी भिजत घातलेले. टाकू कशे?"

काकूंनी तेल तापवलं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा. त्या घरात फोडणी तडतडली तेव्हा जिन्यातल्या माणसांनी वळून बघितलं. मूग शिजले, वर ओल्या खोबऱ्याचं वाटण पडलं. पिठलं-भात तसाच राहिला आणि काकूंनी वाफाळती उसळ सगळ्यांना वाढली. स्वतःची वाटी दोन्ही हातांत धरून भिंतीला टेकून बसल्या. बराच वेळ नुसत्या शेकत होत्या. मग पहिला घास घेतला, हळूहळू चावला, आणि इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे भरून आले.

"मोड मात्र बरे काढीत हां," त्या म्हणाल्या.

मी वाटी पुढे केली आणि आणखी वाढायला सांगितलं. परबकाकांच्या हातचं मी मागून घेतलेलं ते पहिलंच.