अकरा वाद्यांत बसवलेली प्रार्थना

बाबा कुणाच्याही घरी गेले की आधी त्या घरातल्या सामानाचा अंदाज घेतात. समोरचा माणूस या-बसा म्हणतोय आणि यांची नजर कपाटाच्या उंचीवर. सामान हलवणाऱ्या कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं. लोकांच्या खोल्यांतून एक फेरी मारायची आणि हे सगळं कुठल्या ट्रकमध्ये बसेल ते सांगायचं, हेच काम. गाद्या उभ्या लावा, टेबलाचे पाय काढा, कपाटाच्या पोटात भांडी भरा. त्यांनी ठरवलेल्या ट्रकला दुसरी खेप करावी लागली असं कधी झालं नाही.

संध्याकाळी घरी येऊन ते हेच करायचे, फक्त संगीताचं. मोठाल्या प्रार्थनारचना असतात ना, शंभर गाणारे आणि पुढे ऐंशी वादक, त्या आमच्या छोट्या प्रार्थनागृहातल्या वार्षिक कार्यक्रमात वाजवता येतील अशा नव्याने लिहायच्या. आमचा मंच एवढासा. गायक उभे राहिले की अकरा वादकांपुरती जागा उरते, तीही चेलोवाल्याने कोपर आवरलं तर. मग चार हॉर्नचं काम एका हॉर्नवर, ट्रॉम्बोनचं चेलोवर, आणि ज्याला कुठेच थारा मिळाला नाही ते सगळं आत्याच्या पेटीत. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं दर वर्षी एकच म्हणणं, "दादा, मला हात दोनच आहेत, तेवढं लक्षात ठेवून लिहीत जा." कार्यक्रमात समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांनी सगळ्यांना चालवतातही बाबाच. वादक मंडळी त्यांना पाठीमागे 'आटोपशीर' म्हणतात. बाबांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही.

मी त्यांची मुलगी, त्या अकरांत व्हायोलिन वाजवते. माझा राग नाकावर असतो असं घरात म्हणतात. या माणसाच्या घरात वाढल्यावर दुसरं काय होणार? त्यांना स्वस्थ बसणं माहीतच नाही. दोन ओळी लिहिल्या की उठतात, खिडकी उघडतात, लावतात, पाणी घातलेल्या कुंडीला पुन्हा पाणी घालतात. बोटं तर सतत वाजत असतात, टेबलावर, कठड्यावर, बसमध्ये पुढच्या माणसाच्या सीटवर. "बंद करा ते," आई म्हणते. तेवढ्यापुरतं बंद होतं, मग खुर्चीच्या दांडीवर सुरू. आम्हाला दिलेली पानं तालमीच्या दिवशी परत मागून घेतात आणि दारात उभ्या उभ्या खोडतात. माझ्या एका पानाला खोडून खोडून भोक पडलं होतं. तिथे काय वाजवू विचारलं तर म्हणाले, "अंदाजाने घे."

यंदा मात्र या अस्वस्थपणाला कारण होतं. इतकी वर्षं ज्या एका रचनेला त्यांनी हात लावला नव्हता, तीच आईने मागितली.

ती दिवंगतांसाठीची प्रार्थना आहे. आईने ती तरुणपणी मोठ्या सभागृहात गायली होती. त्यात एक जागा अशी येते की सगळे थांबतात. गायक गप्प, ऐंशी वाद्यं गप्प, आणि एकच बाई एकटीच्या आवाजात वर वर चढत जाते, अगदी शेवटच्या स्वरापर्यंत. बाबा त्या दिवशी व्हायोलिनच्या मागच्या रांगेत होते. पुढे दोघांचं लग्न झालं ते त्या जागेमुळेच, असं आत्या सांगते. बाबा म्हणतात, योगायोग.

"यंदा तेच करा," आई जेवताना म्हणाली. "पुढच्या वर्षी आवाज राहील याची खात्री नाही."

खात्री यंदाही नव्हती, हे तिघांनाही कळत होतं. सकाळी ती स्वयंपाकघरात रियाज करायची. वरचा स्वर कधी लागायचा, कधी काठावरूनच परतायचा. तो परतला की बाहेर बाबांची बोटं थांबायची आणि मग दुप्पट वेगाने सुटायची. त्या दिवसांत ते नुसते येरझारा घालत. चप्पल घालून बाहेर जायचे, कोपऱ्यावरून परत यायचे. कशाला गेला होता विचारलं तर त्यांनाच सांगता यायचं नाही. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

बाकी सगळं अकरांत नीट बसलं. तालमीच्या दिवशी त्यांनी माझं पान मला दारातच दिलं. आईच्या त्या जागेखाली व्हायोलिनची एक बारीक ओळ होती.

"ती चढायला लागली की हळूच वाजवायला लाग. ऐकू येता कामा नये."

"ऐकू यायचं नाही तर वाजवायचं कशाला?"

"तिला आधार म्हणून. वाद घालू नकोस."

मी वाजवलं, जमेल तितकं हळू. आई तिसऱ्या स्वरावरच थांबली.

"इथे व्हायोलिन कुठून आलं?"

"छोट्या वृंदात अशी तडजोड करावी लागते," बाबा कागदांत बघत म्हणाले.

"मोठ्या वृंदात इथे किती वाद्यं होती?"

"एकही नाही."

"मग एकही नाही याचं छोटं करून एक कसं झालं हो?"

मंडळी हसली. आत्या तर पेटीवर डोकं टेकून हसली. बाबा हसले नाहीत, आणि आई तर नाहीच नाही.

घरी आल्यावर तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"लोकांसमोर हात धरून मला जिना चढवू नका."

"अगं, मला भीती वाटते. भर कार्यक्रमात तू तोंडघशी पडलीस तर?"

"पडले तर पडले. माझा स्वर आहे, मीच पडेन. तुम्हाला बघवत नसेल तर डोळे मिटा."

"काढतो ती ओळ," बाबा म्हणाले. आणि कुंडीला पाणी घालायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी पान उघडलं तर ओळ खोडलेली होती, पण इतकी हलकी की सहज वाचता यावी. मी मान वर केली. बाबा समोर उभे राहून टाय सैल करत होते, घट्ट करत होते. "वेळ पडली तर," ते पुटपुटले. "मी डावा हात करेन." मला दोघांचाही संताप आला. यांच्या संसारात मधल्या मधे माझी फरफट.

अर्धाअधिक वेळ छान गेला. आत्याने दोन हातांत चार माणसांचं काम उरकलं. मग ती जागा आली. सगळे थांबले. मी गज तारेवर टेकवून बसले.

आई चढायला लागली. पहिल्या पायऱ्या सरळ होत्या. वरच्या स्वराला मात्र तिचा आवाज पातळ झाला, थरथरला आणि फाटला. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी खाली बघितलं.

बाबांचा डावा हात माझ्याकडे निघाला. अर्ध्यावर आला. आणि तिथेच थांबला. मग त्यांनी तो हळूच मागे घेतला आणि दोन्ही हात तसेच हवेत धरून उभे राहिले. इशारा करून आम्हा सगळ्यांना पुन्हा आत घेण्याची वेळ कधीच उलटून गेली होती. मी बाबांना जन्मापासून बघते आहे, त्यांची बोटं इतकी स्थिर मी कधी पाहिली नव्हती. एकही हललं नाही. मी गज तारेवरून उचलला.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. श्वास घेतला. आणि पुन्हा अगदी तळापासून सुरुवात केली, जराही घाई न करता. या वेळी स्वर लागला. तरुणपणचा नव्हता तो, बारीक होता, पण सरळ होता आणि तिचा एकटीचा होता. तो पूर्ण विरेपर्यंत बाबा हलले नाहीत. मग त्यांनी आम्हाला आत घेतलं. पुढची पानं मला नीट दिसत नव्हती, पाठ होती म्हणून वाजवली.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला.

"पहिल्यांदा फाटला," ती म्हणाली.

"ऐकलं."

"तरी हिला वाजवायला सांगितलं नाहीत?"

"तू पुन्हा चढशील असं वाटलं."

"आणि नसते चढले तर?"

बाबांनी जरा विचार केला. "तर अजून थांबलो असतो."

आईने त्यांच्यापुढे कप ठेवला आणि समोर बसली. थोड्या वेळाने त्यांची बोटं टेबलावर पुन्हा वाजायला लागली, कपबशी किणकिणायला लागली. मी आईकडे बघितलं. ती ऐकत बसली होती. बंद करा म्हणाली नाही.