सातव्या गड्याची जागा

जेवण झालेलं, भाताची गुंगी चढलेली. बाबगोंडा चौगुले दिवाणावर आडवे आहेत. डोळे मिटलेत, कान मात्र जागे आहेत. सून रत्नप्रभा मोरीत भांडी विसळतेय. बाबगोंडांचा उजवा हात पोटावर आहे आणि तो आपल्याच मर्जीनं चाललाय. अंगठा आणि तर्जनी मिळून नसलेली तंबाखू मळताहेत.

कंपवात. हाताचं बाबगोंडांना तेवढं वाटत नाही, लाज काढली ती पायांनी. मोकळ्या खोलीत बरे चालतात आणि उंबऱ्याशी आले की जमिनीला खिळतात. ताकद आहे, सांधे धड आहेत, फक्त पहिलं पाऊल सुटत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, दारात जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा, ती ओलांडायची म्हणून पाय उचला आणि तोंडानं ताल धरा. पण हा माणूस जन्मभर कबड्डीचा पंच. भल्याभल्यांना रेषेवरून बाद दिलेला. तो स्वतःच्या घरात पट्टी लावून घेईल होय? "गाव हसंल," म्हणाले, सुनेनं आणलेली पट्टी परत केली आणि दिवाण धरला. हल्ली दुपारची गोळीही गिळत नाहीत. जिभेखाली धरायची आणि सून वळली की गादीच्या खोळीत सरकवायची. एकदाचं आटपलं तर बरं, असा त्यांचा सरळ हिशोब.

भांड्यांचा आवाज थांबतो.

"निजलास व्हय रं, बाब्या?"

दारात हिंदुराव मोहिते उभा आहे. गावच्या कबड्डी मंडळाचा पकडीचा गडी, उजव्या हाताची करंगळी साखर कारखान्याच्या पट्ट्याला देऊन आलेला. दिवाळीआधी वारला. तिरडी या दारावरून गेली तेव्हा बाबगोंडा उंबऱ्यातच अडकले होते. चार पावलंसुद्धा खांदा देता आला नाही.

"तू मेलायस," बाबगोंडा म्हणतात.

"पंचाचा निकाल मान्य," हिंदुराव हसतो. "ऊठ. सामना लागलाय."

"पाय निघत न्हाईत."

"रेष मारली की निघतील." त्याच्या काखेत फक्कीचा डबा आहे, मैदान आखायच्या पांढऱ्या चुन्याचा. तो वाकतो आणि दारात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेष ओढतो. एका दमात, सुतासारखी. "ही मध्यरेषा. चढाई तुझी."

पाय उचलला जातो. सहज, जणू तो कधी अडकलाच नव्हता. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. जिभेला सांगावं लागत नाही.

दाराबाहेर ओसरी नाही. नदीकाठचं मैदान आहे, तांबडी माती, वर पांढरट ऊन. मैदानाच्या कडेला दवाखान्यातल्या खुर्च्या मांडल्यात. त्यांवर माणसं नंबराच्या चिठ्ठ्या धरून बसलीत आणि एकही मान वर करत नाही. समोर गडी उभे आहेत. बाबगोंडा एकेकाला ओळखतात, आणि माणसाबरोबर त्याची लबाडीही आठवते. हा येसबा, सामन्याआधी पोटऱ्यांना चोरून तेल लावायचा, पकडणाऱ्याचा हात निसटायचा. हा आण्णू सुतार, पकडीच्या नावाखाली चड्डी ओढायचा. दोघंही जाऊन जमाना झाला. मागं आणखी तिघं, आणि टोकाला हिंदुराव. सहाच.

"सातवी जागा मोकळी हाय," हिंदुराव म्हणतो. "तुझ्यासाठी राखलीया. हात बघ की तुझा."

बाबगोंडा हात बघतात. हात गप्प आहे. सुई ओवावी इतका गप्प. कबड्डी, कबड्डी. दम चालू आहे.

"हिकडं गोळी न्हाई. पट्टी न्हाई. सुनंचं 'मामा, सावकाश' न्हाई. ऱ्हातोस न्हवं? नुसतं व्हय म्हण."

व्हय म्हणायचं तर दम तोडावा लागणार. आणि परक्या अंगणात दम तुटला की गडी गेला. हिंदुरावची ही जुनी खोड. चढाईला आलेल्याला गोडीगोडीनं बोलतं करायचं, बायकोची खुशाली विचारायची आणि तो फसून बोलला की हात वर करून ओरडायचं, 'दम तुटला!'

बाबगोंडांचे ओठ 'व्ह'पर्यंत येतात. तेवढ्यात पंचाची नजर, सवयीनं, गड्यांच्या छातीवर जाते. कोण धापा टाकतोय, कोण दमलाय, हे बघायची सवय. येसबाची छाती हलत नाही. आण्णूची हलत नाही. मैदानात श्वास एकाचाच चाललाय, आणि सगळ्यांचे डोळे त्या श्वासावर आहेत, भाकरीवर असावेत तसे.

बाबगोंडा वळतात.

कबड्डी, कबड्डी. पायाखालची माती फरशी होते, फरशीची परत माती. मध्यरेषा समोर दिसते. तिच्यापलीकडं दिवाण आणि दिवाणावर रिकामी उशी. आणि मागून हिंदुराव पट काढतो. डाव्या घोट्याला गार, ओली पकड बसते. बाबगोंडा पालथे पडतात. हात लांबवतात. हात सरळ आहे, स्थिर आहे, अगदी निरोगी आहे. आणि रेषेला बोटभर कमी आहे.

"कशाला वढ काढतुयास, मर्दा?" हिंदुराव कानाशी कुजबुजतो. "तिकडं पुन्यांदा हात हलायला लागंल."

कबड्डी... कब... दम संपत आलाय. तेवढ्यात रेषेजवळ बोटांची टोकं जागी होतात. अंगठा, तर्जनी. नसलेली तंबाखू मळायला लागतात. कंप मनगटात चढतो, कोपरात चढतो, हात मातीवर थडथड उडतो. आणि एका उडीत बोट पांढऱ्या चुन्याला टेकतं.

बाबगोंडा श्वास घेतात. "हिंदुराव बाद."

"मी बादच हाय रं." पकड सैल होते, एकेक बोट करून. "जा. जागा राखून ठिवतो."

"मामा! मामा, उठा, गोळीची वेळ झाली." रत्नप्रभा पेला घेऊन उभी आहे. पंखा फिरतोय. ओसरीच्या दाराला आतून कडी आहे. पोटावरचा हात चाललाय.

बाबगोंडा गोळी घेतात. पाणी पितात आणि न विचारता आ करून, जीभ उचलून दाखवतात. रत्नप्रभा चकित होऊन बघत राहते.

"ती पट्टी कुठं टाकलीस गं?"

"टाकीन कशाला? कपाटात आहे. पण लाल आहे हो, मामा."

"चालंल. दारात लाव. सरळ लाव, वाकडी रेष मी धरणार न्हाई."

ती हसते, वळते आणि थांबते. "अगंबाई, पायाला काय लागलंय? चुना? घरात चुना आला कुठून?"

ती पदर खोचून वाकते. डाव्या घोट्याभोवती पांढरे वळ आहेत, ओल्या फक्कीचे, दाबून उठलेले. ती त्यावर आपला पंजा धरून बघते, बोटाला बोट लावून.

"अंगठा आहे. ही तीन बोटं." तिचा आवाज बारीक होतो. "मामा, करंगळी कुठाय?"

"कारखान्यात," बाबगोंडा म्हणतात. "तू आधी पट्टी लाव."