कापायचा राहिलेला शब्द

चंद्रपूरच्या आमच्या लहानशा दैनिकात संपादकांना सगळे भाऊच म्हणायचे. मी त्यांच्या हाताखाली उपसंपादक होतो. भाऊ तोंडाचे फटकळ, आणि 'राजे' या शब्दाशी तर त्यांचं उभं वैर. गडचिरोलीकडच्या एका जुन्या जमीनदारीचे वारस निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा तिकडचा वार्ताहर सवयीनं लिहायचा, 'राजेसाहेबांची सभा'. भाऊ लाल पेनानं राजेसाहेब उडवून 'श्री.' करायचे.

"मत मागाले दारोदार फिरते तो राजा कायचा बे? राज्य गेलं ना बापा!"

"पन भाऊ, लोक मानानं म्हनतेत," वार्ताहर म्हणायचा.

"लोकाईले म्हनू दे. आपन छापाचं नाई."

मला ते अतीच वाटायचं. दसऱ्याचा मुजरा सोडला तर त्या घराण्याकडे उरलं होतं काय? पण भाऊंशी हुज्जत कोण घालणार!

त्याच वर्षांत आमच्याकडे कोळशाचे आणि सिमेंटचे ट्रक वाढले, ट्रकांमागून पैसा आला. एक कंत्राटदार आधी नुसत्या आडनावानं छापून यायचा. मग तो गणपतीचे मंडप घालू लागला, पुढाऱ्यांच्या शेजारी बसू लागला, स्वतः पुढारी झाला, आणि बातमीत त्याच्या नावामागे 'भाऊ' लागलं. त्या 'भाऊ'वर लाल पेन कधी चाललं नाही. आपल्याकडे पानवालाही भाऊच असतो. घरातल्या शब्दाला कोण भितं?

एका सकाळी अंक हातात घेतला तर पहिलं पान भरून त्या कंत्राटदाराचा फोटो. 'भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा.' मालकांनी परस्पर पान विकलं होतं. खाणीपायी विहिरी आटलेल्या एका गावाची बातमी संपादकांनी स्वतः जाऊन आणली होती, ती आत कोपऱ्यात गेली होती.

संपादकांनी ते पान माझ्यापुढे टाकलं.

"राजाले अडवून राह्यलो होतो मी. अन् हा आपल्याच नावानं गादीवर बसला. राजा निदान ओळखू तरी येत होता रे." मग म्हणाले, "आजपासून मले भाऊ म्हनू नका."

साहेब म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, नावानं हाक मारायची आमची छाती नव्हती. 'अहो, जी' करत आम्ही दिवस काढले. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली आणि भद्रावतीला लेकीकडे राहायला गेले.

ते फार आजारी आहेत असं कळलं, तेव्हा मी गेलो. हाक काय मारावी सुचेना, म्हणून दाराची कडी वाजवली. आत ते अगदी वाळून गेले होते. निघताना जुना शब्द ओठांवर आला, आणि मी तो गिळला. म्हणायला हवा होता. रागावले असते, रागावू द्यायचं होतं. तो शब्द आधी त्यांचा होता.

परतीच्या बसमध्ये मी दारातच उभा होतो. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, थोडे समोर सरका ना."

मला भर बसमध्ये रडू फुटलं.