फोटोखालच्या दोन ओळी

अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आल्यापासून शनिवारची सकाळ मी गावच्या लायब्ररीतल्या इतिहासाच्या खोलीत घालवते. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर जुने फोटो हाताळायला बरं वाटतं, सुरुवातीला कारण एवढंच होतं. मागच्या वर्षी तिथल्या समितीने शंभर वर्षांपूर्वीच्या सुधारणांवर प्रदर्शन भरवायचं ठरवलं. कारखान्यातल्या मजुरीतून सुटलेली मुलं, शहरांना मिळालेलं स्वच्छ पाणी, बायकांना मिळालेला मताचा हक्क. फोटोंखालचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

समितीच्या अध्यक्षबाई पंचाहत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी घरून एक फोटो आणला. लांब पांढऱ्या स्कर्टमधली एक तरुण गोरी बाई, मागे लाकडी शाळा, पुढे अनवाणी मुलांच्या रांगा. ही बाई म्हणजे त्यांची आजी. अमेरिकेने फिलिपिन्स ताब्यात घेतलं तेव्हा ती तिकडे शिकवायला गेली होती, आणि परत आल्यावर बायकांच्या मतासाठी व्हर्जिनियाभर सभा घेत फिरली.

"खाली लिही, अंधारात नेलेला दिवा," अध्यक्षबाई कौतुकाने म्हणाल्या.

आमच्या शेजारी एक फिलिपिनो मावशी राहतात, निवृत्त नर्स. माझी मुलगी लहानपणी तापाने फणफणली की मी आधी त्यांचंच दार वाजवायचे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, म्हणून लायब्ररीत जाताना मी त्यांना सोबत नेते. त्या शनिवारी मावशी टेबलावरच्या फोटोपाशी थांबल्या.

"माझी आजी अशाच शाळेत होती," त्या म्हणाल्या. "शाळा यायच्या आधी सैन्य आलं. आमचं गाव जाळलं. मग त्याच राखेच्या शेजारी शाळा बांधली."

"तरी आजी गेली त्या शाळेत?"

"गेली ना. आवडायची तिला. आपली भाषा बोललं की शिक्षा व्हायची, तरी आवडायची. ती शिकली म्हणून माझी आई शिकली, आणि मी नर्स झाले." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पण अंधार नव्हता गं आमच्याकडे. तो त्यांनी केला."

घरी येताना माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. नागपुरात मी ज्या शाळेत शिकले ती इंग्रजांच्या काळातली. तिने मला घडवलं, हे मी कुणापुढेही सांगेन. पण म्हणून इंग्रज आम्हाला माणसात आणायला आले होते असं कुणी म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही. मग इथे का गप्प बसायचं?

रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, आपलं ग्रीन कार्ड अजून लटकलंय. हल्ली वातावरण कसं आहे बघतेस ना? त्यांचा इतिहास, त्यांना बघू दे."

"मी फोटोखाली दोन ओळी मागतेय. मोर्चा नाही काढत."

"आई इज राइट, बाबा," मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली. नवऱ्याने माझ्याकडे बघून खांदे उडवले. त्याची भीती खोटी नव्हती. मलाही होतीच.

पुढच्या बैठकीत मी मुद्दा मांडला. अध्यक्षबाईंचा चेहरा उतरला. "माझी आजी वाईट नव्हती," त्या म्हणाल्या.

"मी तसं म्हणतच नाही. पण तिच्या आधी तिथे काय झालं तेही लिहू या."

"हे प्रदर्शन सुधारणांचं आहे, युद्धाचं नाही."

एका सभासदाने तोडगा काढला, फोटोच काढून टाकू. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही. "फोटो राहू दे," मी म्हटलं. "तेव्हा त्या मुलांना कुणी विचारलं नव्हतं, फोटो काढून टाकला तर आपणही त्यांना न विचारताच पुसल्यासारखं होईल." निर्णय पुढे ढकलला गेला.

बाहेर पार्किंगमध्ये मी अध्यक्षबाईंना गाठलं आणि मावशींकडे चहाला बोलावलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्या आल्या.

मावशींनी केळीच्या पानात वाफवलेला गोड भात केला होता. थोडा वेळ दोघी गुडघेदुखीवर बोलल्या. मग अध्यक्षबाईंनीच विचारलं, "तुमच्या आजीला तिची शाळेतली बाई आठवायची का?"

"हो तर. रोज नखं तपासायची म्हणे. आणि बर्फाचं गाणं शिकवलं होतं. आमच्याकडे बर्फ कुणी पाहिलेला? आजीला शेवटपर्यंत पाठ होतं, अर्थ मात्र माहीत नव्हता."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत. कप खाली ठेवून हळूहळू म्हणाल्या, "माझी आजी सभेत सांगायची, ज्यांना विचारलं नाही त्यांच्यावर कायदे लादणं हा अन्याय आहे. ती बायकांबद्दल बोलत होती. तिकडच्या लोकांबद्दल तिच्या मनात हे आलं होतं का, मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही."

"तुम्ही लिहा," मावशी म्हणाल्या.

मजकूर अध्यक्षबाईंनीच लिहिला. दिवा गेला. आजीने शिकवलं, मतासाठी लढली, हे राहिलं, आणि तिच्या शाळेआधी त्या देशाचं स्वातंत्र्य अमेरिकी सैन्याने मोडून काढलं, गावं जाळली, हेही आलं. समितीने 'जाळली'च्या जागी 'नुकसान झालं' असं सुचवलं. मी म्हटलं, पूर येतो तेव्हा नुकसान होतं. अध्यक्षबाईंनी माझ्या बाजूने मत दिलं आणि शब्द टिकला.

प्रदर्शन उघडल्यावर एका गृहस्थाने त्या मजकुराबद्दल काउंटरवर रागाने तक्रार केली. अध्यक्षबाई स्वतः उठून त्याच्याशी बोलायला गेल्या. त्याला पटलं नाही, तो निघून गेला. मजकूर मात्र भिंतीवरच राहिला. ग्रीन कार्ड अजून आलेलं नाही. नवऱ्याने एका रविवारी माझ्या आणि मावशींच्या सोबत येऊन प्रदर्शन पाहिलं, त्या फोटोपाशी उभं राहून सगळं वाचलं, आणि मावशींना गाडीपर्यंत हात देत घेऊन आला.